वीरबुवांचा डावा हात

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाली म्हणाली, आजच तोडलीय, की मी देठ मोडून बघते. डॉक्टरने गोळ्या दिल्या की आधी पाकिटावरची तारीख वाचते. तेव्हा त्या माणसाबद्दल मी जे सांगेन, त्यातलं थोडं वजा करून घ्या. सगळं मात्र वजा करू नका. माझा संशय शेवटी खरा निघाला, आणि खरा निघून मला काडीचा आनंद झाला नाही.

ते रोह्याचे. रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जायची ते सांधे बदलून ठरवणारे. अंगाने काटकुळे, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पंचांग, आणि दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं. उजव्या मनगटावर रेल्वेचं आणि डाव्यावर 'खरं'. मी एकदा विचारलं, खरं म्हणजे काय? तर म्हणाले, "सरकारी वेळ प्रयागेकडची गो बाय. सूर्य रोह्याला पोचेपर्यंत सदतीस मिन्टं जातात. रेल्वेला चालतंय तसं. ग्रहांना नाय चालत."

आमचा मूर्तींचा कारखाना पेणजवळच्या जोह्याला. वर्षाचे आठ महिने गणपती, उरलेल्या दिवसांत देवी, पुतळे, कुणाचे आजोबा. कारखान्यातल्या बाया त्यांना पंचांगकाका म्हणायच्या. ते दारातून आत आले की पहिला प्रश्न ठरलेला, "जन्म किती वाजता?" रंग कालवणाऱ्या बाईला, माती घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला, इतकंच काय, तिकिटाचे सुटे पैसे मागणाऱ्या कंडक्टरलाही त्यांनी हेच विचारलं होतं म्हणे. समोरच्याने वेळ सांगितली की त्यातून सदतीस मिनिटं वजा करायची, डोळे मिटायचे आणि 'हां, म्हणूनच' म्हणायचं. म्हणूनच काय, ते पुढे कधी सांगायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, "तुझा बुध वाकडा. म्हणून तुला गोड चहात पण काडी दिसते." चहात त्या दिवशी खरोखरच काडी होती.

राहुकाळाचं तर विचारूच नका. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार, आठवड्याचं सगळं वेळापत्रक त्यांना गाडीच्या वेळेसारखं तोंडपाठ. त्या दीड तासात हा माणूस नवं काही करायचा नाही. पेणला येताना बस गडबपाशी असली आणि राहुकाळ लागला, तर खाली उतरून टपरीवर बसून राहायचे. दीड तासाने मागच्या बसने यायचे. आमच्याकडे असताना लागला तर ओट्यावर बसायचे. चहाचा कप समोर निवत असायचा, पण हात लावायचे नाहीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना हसायचे. मी हसायचे नाही. इतकी वेळ सांभाळणारा माणूस काहीतरी लपवतो, असं माझं मत.

आता वीरबुवांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रोह्याच्या पलीकडे, कुंडलिकेच्या काठाला वीरबुवांची मठी आहे. बुवा कधीच्या काळातले ते कुणाला ठाऊक नाही. कुठल्याशा किल्लेदाराच्या पदरी शिपाई होते. लढाईत त्यांच्या हातून एक माणूस पडला, आणि मरताना त्याच्या तोंडी तेच भजन होतं जे बुवा रोज पहाटे म्हणायचे. त्या दिवसापासून त्यांनी तलवार भिंतीला टांगली आणि चिपळ्या घेतल्या. पुढे गावावर लुटारू आले तेव्हा ती परत उतरवली. नदीच्या उतारावर एकटे उभे राहिले, बायापोरं पलीकडे जाईपर्यंत. मग तिथेच बसले ते उठलेच नाहीत. एका हातात तलवार आणि एका हातात चिपळ्या, हे त्यांचं रूप. मठीची पूजा पंचांगकाकांच्या घराण्याकडे.

या बुवांची जन्मपत्रिका काढायचा काकांनी ध्यास घेतला होता. जन्मतिथी नाही, वर्ष नाही, आईचं नावसुद्धा नाही. पण ते म्हणायचे, आयुष्य माहीत हाय ना, मग पत्रिका उलटी चालवायची. बाप लहानपणी गेला, म्हणजे शनीची दशा. माणूस मारला, तो मंगळ. तलवार टांगली, तिथे गुरू आला. समाधी घेतली, तो केतू. "केतू शेवटी येतोच. त्याला मुंडकं नसतं, म्हणून तो मागचं धरून बसत नाय." असं करत करत त्यांनी लग्नरास ठरवली, बारा घरांत ग्रह बसवले. ग्रह बसले ते फक्त बुवांपुरते नाहीत. मठीच्या जागेचा शेजाऱ्याशी तंटा का, तर चौथ्यात राहू. हायवेचं रुंदीकरण झालं तेव्हा गावाची आठ घरं गेली आणि मठी राहिली, का, तर गुरूची दृष्टी. मी म्हटलं, झालेल्या गोष्टीचं भविष्य सांगायला काय अक्कल लागते? ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही झालेल्या माणसाची मूर्ती करता, ती कशी करता?"

त्या प्रश्नाचा मला राग अजून आहे.

मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते मठीच्या मूर्तीच्या वेळी. माझं लग्न व्हायचं होतं. मठीच्या भिंतीवर बुवांचं जुनं रंगवलेलं चित्र होतं, पण भिंतच पडायला आली. ती पाडून नवीन बांधायची आणि आत मूर्ती बसवायची असं गावाने ठरवलं. भिंत पाडायच्या आधी काकांनी चित्रावर पातळ कागद लावून पेन्सिलीने ते उतरवून घेतलं आणि गुंडाळी घेऊन आमच्याकडे आले. अण्णांनी तो कागद फळीवर लावला, त्यावरून मातीचं मॉडेल केलं, साचा काढला आणि मूर्ती ओतली. चेहरा असा जिवंत उतरला होता की बाया काम सोडून बघायला येत. डोळ्यांची आखणी मी केली. माझी पहिली मोठी आखणी.

प्रतिष्ठापनेला अण्णा मला रोह्याला घेऊन गेले. कापड बाजूला झालं आणि दोन म्हातारे पुढे सरकले. एकजण म्हणाला, "ह्यो हात चुकलाय. तलवार उजव्या हातात व्हती. ही तर डाव्यात हाय." मग कुजबुज वाढली. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मूर्ती सगळीच्या सगळी उलटी होती, आरशात दिसते तशी. कागद फळीवर लावताना आपण पालथा लावला, हे त्यांच्या लक्षात आलं.

तेव्हा पंचांगकाका उभे राहिले. पिशवीतून पत्रिका काढली आणि म्हणाले, "चुकला नाय. चुकली ती भिंत." अकरावं घर डाव्या हाताचं, तिथे बुवांचा मंगळ. तिसरं घर उजव्या हाताचं, तिथे गुरू. भजन उजव्या हाताने, रक्षण डाव्या हाताने. "ग्रहांनी सांगितलं तेच अण्णांच्या हातून झालं. माणसाच्या हातून देव असा खरा उतरतो." आवाज चढवला नाही की काही नाही, गाडी सुटायची वेळ सांगावी तसं बोलले. म्हातारे एकमेकांकडे बघत बसले. शंख वाजला.

परतीच्या बसमध्ये अण्णा रडले. म्हणाले, माझी अब्रू राखली त्याने. मला एकच कळत नव्हतं. कारागिराची चूक झाकायला परका माणूस महिनोन् महिने खपून काढलेली पत्रिका पिशवीत घेऊन का येतो? त्याला चूक होणार हे आधी कसं ठाऊक?

त्याच दिवशी आणखी एक झालं होतं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. मी पेढे वाटत होते. काकांच्या पाठीशी सहाएक वर्षांची पोर उभी होती, उजवा हात परकराच्या घडीत खुपसलेला. तिने डावा हात पुढे केला. शेजारच्या बाईने तिच्या हातावर सटकन फटका मारला. "परसाद डाव्या हातात घेतात व्हय गो?" पोरीने हात मागे घेतला, पेढा घेतलाच नाही.

त्यानंतर अण्णा बदलले. कारागीर माणूस, शंभरांच्यावर मॉडेलं केलेली, पण मॉडेल करायच्या स्टँडच्या उजव्या पायाला त्यांनी लाल चिंधी बांधली. काम सुरू करायच्या आधी चिंधीकडे बघायचे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, मग कागदाकडे. मला हाक मारायचे, "बघ गो, उजवा हाच ना?" बाया पदराआड हसायच्या. नवीन मॉडेल घ्यायचं त्यांनी कमी केलं, पुढे पुढे बंदच केलं. जुन्याच साच्यातून माल काढत राहिले. ज्याचा हात बघायला अलिबागेहून लोक यायचे, तो माणूस उजवं-डावं पोराटोरांना विचारत बसला. मला ते बघवायचं नाही.

आणि पंचांगकाका दर वर्षी येत राहिले. गणपती गेले, कारखाना रिकामा झाला की ते हजर. अण्णांसमोर बसायचे, पापडाची लाटी खायचे, रोह्याच्या गप्पा सांगायचे. मग एकदम गंभीर व्हायचे. "अण्णा, एक सांगायचं हाय." अण्णा म्हणायचे, सांगा की. मग पिशवीतून पंचांग निघायचं. बोट फिरायचं. एकदा उजवं घड्याळ, एकदा डावं. "आज योग नाय. पुढल्या खेपेस." चिंधीकडे बघायचे आणि उठायचे.

मी अण्णांना म्हणायचे, हा माणूस तुमच्याकडे काहीतरी मागायला येतो, आणि एक दिवस मागेल. फुकट मूर्ती मागेल नाहीतर कारखान्याची जागा. अण्णा म्हणायचे, "त्याने मागितलं तर देऊन टाक." किती वर्षं हे चाललं. आठ वर्षांपूर्वी अण्णा गेले. काका दहाव्याला आले, कावळा शिवेपर्यंत बाजूला उभे होते, आणि कावळा शिवायला फार वेळ लागला. ते घड्याळाकडे बघत नव्हते. मी तेही टिपून ठेवलं.

गेल्या वर्षी मठीच्या कमिटीची तीन माणसं कारखान्यात आली. जुन्या मूर्तीला पाण्याने भेगा गेल्या होत्या, तिथे फायबरची नवी बसवायची. आणि त्यांच्याकडे एक फोटो होता. कुणाच्या तरी ट्रंकेत सापडलेला, भिंत पडण्याआधीचा. बुवांच्या उजव्या हातात तलवार.

कमिटीतला शर्टाची घडी न मोडलेला एकजण म्हणाला, "ताई, तुमच्या वडलांकडून चूक झाली ती झाली. आता सुधारून घेऊ. आमचं पण एक काम होईल."

"कसलं काम?"

"तिथे पंचांगवाल्याची मुलगी पूजा करते. उजवा हात जन्मापासून लुळा. अंगारा डाव्या हाताने देते. बापाने सांगून ठेवलंय, बुवांचा रक्षणाचा हात डावा, म्हणून अंगारा डाव्यानेच. लोक घेतातपण. तलवार उजवीकडे गेली की हे संपलं. दुसरा पुजारी ठेवू, हातापायाने धड. ती बसेल घरी."

माझ्या डोळ्यांसमोर तो परकर आला, आणि तो न घेतलेला पेढा.

ते गेल्यावर मी माळ्यावरची अण्णांची पत्र्याची पेटी काढली. बुवांचं चित्र उतरवलेला तो कागद त्यांनी प्रतिष्ठापनेच्या दिवशी घडी करून तीत टाकला होता, पुन्हा उघडला नव्हता. मी उघडला. कोपऱ्यात शाईने लिहिलं होतं, 'दर्शनी बाजू'. अक्षर मी ओळखलं, काकांचं, कारण माझ्या लग्नाची टिपणं त्याच अक्षरात आहेत. मग मी कागदावरून अंगठा फिरवला. माझं सगळं आयुष्य आखणीत गेलं, रेघ मला डोळ्यांआधी अंगठ्याला कळते. पेन्सिल ज्या बाजूने दाबली तिथे खाच असते, मागे उंचवटा. शाई ज्या बाजूला होती, तिथे उंचवटा होता. चित्र एका बाजूने काढलं होतं आणि 'दर्शनी बाजू' दुसऱ्या बाजूला लिहिलं होतं.

अण्णांनी कागद पालथा लावलाच नव्हता. सांगितला तसाच लावला होता. चिंधी बांधली होती ती दुसऱ्याच्या करणीपायी. मला इतका संताप आला की त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटले. पण तो पुरावा होता. मी तो पिशवीत घातला.

दोन दिवसांनी काका आले. थकले होते, काठी आली होती. फोटोचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, "तू काय करशील गो बाय?" मी म्हटलं, ते नंतर. कागद तुम्हीच आणला होता ना? त्यांचा हात पिशवीकडे गेला. पंचांग निघालं. उजवं घड्याळ, डावं घड्याळ.

"आज योग नाय," ते म्हणाले.

"मग मला रोह्यालाच भेटा. सगळ्यांसमोर," मी म्हटलं. त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

नव्या मूर्तीचं ठरवायला कमिटीने बोलावलेली बैठक मठीतच होती. मी लवकर पोचले. आत ती होती, आता पस्तिशीची बाई. अंगारा घ्यायला माणसं रांगेत. लुळा हात पदरात, डाव्या हाताची तीन बोटं राखेत बुडवून प्रत्येकाच्या कपाळाला. घाई नाही, संकोच नाही. एका बाईच्या कडेवरचं तापलेलं पोर रडत होतं, तिने त्याच्या पाठीवरून तोच हात फिरवला. ते राहिलं. माझी पाळी आली तेव्हा तिने विचारलं, "जोह्याच्या तुम्हीच ना? बुवांचे डोळे तुम्ही आखलेत. मी लहानपणापासून त्यांच्याशीच बोलते." पिशवीतला कागद मला जड झाला.

बैठकीत फोटो फिरला. शेवटी माझ्या हाती आला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काका भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीखाली, घड्याळं दिसणार नाहीत असे.

मी फोटो उलटापालटा केला, उजेडाला धरला, आणि म्हटलं, "हा फोटो उलटा छापलाय. निगेटिव्ह पालथी लागली की असं होतं. जुन्या स्टुडिओत नेहमी व्हायचं. माझ्या वडलांचा हात चुकला नव्हता. त्यांना कागद जसा मिळाला तशीच मूर्ती त्यांनी केली."

घडीच्या शर्टवाला म्हणाला, "नक्की?"

"मूर्ती तुम्ही करता की मी?"

आयुष्यभर लोकांचं खोटं पकडत आले, आणि सगळ्यांसमोर सांगितलेलं माझं पहिलं खोटं असं धडधडीत. कुणाला संशय आला नाही, याचंच मला नवल वाटलं. काकांनी मान वर केली नाही. त्यांच्याशी बोलायची माझी इच्छाही नव्हती. मुलीची जागा राहिली, ठीक झालं. अण्णांची वीस-बावीस वर्षं मला कोण परत देणार होतं?

नवी मूर्ती मी जुन्याच हातांची केली. फायबरची मूर्ती आतून पोकळ असते. तळ बंद करायच्या आधी तो कागद मी आत ठेवला.

मूर्ती रोह्याला रवाना झाल्यावर आठवड्याने पंचांगकाका आले. दुपारी, कुणी नसताना. दारात क्षणभर थांबले, मग सरळ स्टँडपाशी गेले आणि काठीने चिंधीकडे दाखवलं.

"ही कसली? वर्षानुवर्षं बघतोय. विचारलं कधी नाय."

"अण्णांची. उजवा हात परत चुकू नये म्हणून बांधली."

ते खाली बसले. मग म्हणाले, "तू जरा बाहेर जा." मी बाहेर गेले. पण माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाय. साच्यांच्या थप्पीमागे उभी राहिले आणि ऐकलं.

भिंतीवर अण्णांचा फोटो आहे. त्याच्याशी ते बोलत होते, अगदी हळू. "अण्णा, तुमचा हात चुकला नव्हता. कागद मी उलटवला. पोरीला मठीत बसू देत नव्हते, दिव्याला हात लावला म्हणून उठवलं. म्हटलं पोरीचा हात बदलता येत नाय, तर देवाचा बदलू. सांधा बदलला मी. गाडी तुमच्यावरून गेली. दर साली सांगायला आलो. योग नव्हता म्हणालो. योग हुता अण्णा. मीच भीत होतो."

बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. विचारलं, "तो कागद?"

"बुवांच्या पोटात."

त्यांनी मान हलवली आणि ते एसटी स्टँडकडे जायला निघाले. माझा जन्म, माझा बुध, काही काढलं नाही.

ते गेल्यावर मी कॅलेंडर बघितलं. संशय कुठे जातो? म्हटलं, मुहूर्त बघूनच आले असणार. तर मंगळवार, आणि त्यातून अमावास्या. भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी. मग त्यांचं खरं घड्याळ धरून सदतीस मिनिटं वजा केली. तीन वाजून तेरा मिनिटं. दोन्ही घड्याळांत राहुकाळच.

तेव्हा कुठे त्यांच्या कबुलीवर माझा विश्वास बसला. मी उठले आणि स्टँडची चिंधी सोडायला घेतली. गाठीत इतक्या वर्षांचं प्लास्टर बसलं होतं, ब्लेडने कापावी लागली.